झरीच्या पिंजाऱ्याची तात

हाशमचाचा पिंजारी, मुक्काम झरी. हे नाव सगळ्यात आधी लिहिते, बाकी काय झालं ते मग. त्या दिवशी चारठाण्यात माइकवरून मांडववाल्याचे आभार मानले, सोफे पुरवणाऱ्याचे मानले, थंड पाण्याचे जार आणणाऱ्याचेसुद्धा मानले. ज्यांच्यामुळे कार्यक्रम उभा राहिला त्यांचं नाव मात्र कुणाच्या तोंडातून आलं नाही. अजून आठवलं की पोळी लाटताना लाटणं आपटतं माझ्या हातून.

दुसरं नाव मुंजाभाऊंचं. ते आमची गाडी चालवत होते. ते नसते तर चाचाही भेटले नसते.

आता मी कोण ते सांगते. मी सुमन, देवगड तालुक्यातली. सातवीला शाळा सुटली, कारण आठवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि आई मला एकटीला तरीच्या होडीत बसू देईना. पुण्यात अरुंधतीताईंकडे स्वयंपाकाला लागले त्याला सोळा वर्षं झाली. ताई चेलो वाजवतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. स्वयंपाक करता करता मी त्याच्या खुंट्या, घोडी, गज, तारा सगळं शिकले. आता ताई आणि त्यांचे तीन सोबती, दोन व्हायोलिनवाले आणि एक व्हायोलावाले, जिथे जिथे वाजवायला जातात तिथे वाद्यं सांभाळायला मी जाते. सुरांची लिपी मला वाचता येत नाही. पण इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता, म्हणून मी फार जपून असते. जपण्याच्या नादातच घोटाळा केला.

परभणी

मार्च सरत आला होता. परभणीला उतरले तेव्हा सकाळीच ऊन असं, की लोखंडी फाटकाला हात लावला तर चटका. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घामाच्या धारा. इथे घाम येतो कधी आणि जातो कधी ते कळत नाही. ओठ फुटतात, केस काथ्यासारखे होतात. मी मनात म्हटलं, चला, दमट हवेचा त्रास नाही, वाद्यं मजेत राहतील. किती चुकीचं होतं ते!

कार्यक्रम होता चारठाण्याला, जिंतूरच्या पुढे, जुन्या देवळांजवळच्या माळावर. कार्यक्रमाच्या दिवशी, म्हणजे तिथल्या आमच्या तिसऱ्या सकाळी, संयोजक प्रकाशराव आम्हाला भेटायला विश्रामगृहावर आले. कडक इस्त्री, हातात कार्यक्रमपत्रिका. पत्रिकेवर छापलं होतं, ‘नव-अभिजात पाश्चात्त्य संगीताची बैठक’. हे संगीत आजच्याच माणसांनी रचलेलं, पण जुन्या घाटाचं. मी माझ्या भाषेत म्हणते, नवं कापड आणि जुन्या टाक्यांची गोधडी. चार वाद्यं एकच वाक्य एकामागून एक बोलतात, एकमेकांना अडवतात, पुन्हा जुळतात. भांडण करून एका ताटात जेवणाऱ्या भावंडांसारखी.

प्रकाशराव चहा घेत म्हणाले, “आमच्याकडच्या लोकांना ह्यातलं शून्य कळतं हो. टाळी कुठे वाजवायची तेही मलाच सांगावं लागणार आहे.”

ते स्वतः परभणीचेच. स्वतःच्या माणसांबद्दल परक्यांपुढे असं बोलणारा माणूस मला पहिल्या घोटालाच आवडला नाही. पण मी कोण बोलणार? मी बिस्किटांची बशी पुढे केली.

ते गेले आणि ताई सरावाला बसल्या. पाच मिनिटांत ‘टण्’ असा आवाज आला. चेलोची वरून दुसरी तार तुटली.

ही तार साधी नाही. मेंढीच्या आतड्याची असते. हल्ली बरेच जण पोलादी तारा लावतात, पण ह्या बैठकीतल्या मुख्य रचनेचा तिसरा भाग आतड्याच्याच तारेसाठी लिहिलेला. तसा दाणेदार, माणसाच्या घशातून आल्यासारखा सूर पोलादातून निघत नाही. मी तीन तारा जादा घेतल्या होत्या. पत्र्याच्या डब्यातून पहिली काढली, खुंटीला वळवायला गेले, तर वाळक्या काडीसारखी तडकली. दुसरी तडकली. तिसरी मी दोन बोटांत अलगद धरून उचलली. तीही गेली.

डब्यात काय होतं? भाजलेले तांदूळ.

आमच्याकडे मीठ असो, काडेपेटी असो, लग्नातला कॅमेरा असो, दमटपणापासून वाचवायचं तर तांदळात ठेवतात. आजीपासून चालत आलेलं. त्याच मायेनं मी तारा तांदळात पुरल्या आणि तो डबा दोन दिवस इथल्या उन्हात मुंजाभाऊंच्या गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवला. हवा आधीच कोरडी, त्यात तांदूळ. तारांतला होता नव्हता तो ओलावा पिऊन टाकला तांदळांनी.

बाकी तिघांपैकी एकजण म्हणाले, “सुमनबाईंना आणलंच कशाला मग?” ताईंनी खाली वाकून तडकलेले तुकडे वेचले. ते वेचणं मला जास्त लागलं.

ताईंनी प्रकाशरावांना फोन लावला. ते काय म्हणाले ते मला बाजूला उभी असून स्वच्छ ऐकू आलं.

“पाच म्हणजे पाच वाजता सुरू करायचं. मोठे पाहुणे यायलेत. तार नसेल तर चेलोशिवाय करा. चारातला एक कमी झाला तर कुणाला कळणार आहे?”

चारातला एक! चार खांबांतला एक काढा म्हणावं ह्यांच्या मांडवाचा, मग कळतं का बघू.

बाकी तिघे दुसऱ्या गाडीनं पुढे गेले. मुंजाभाऊंनी मला बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात नेलं. तिथे ढोलकी होती, पेटी होती, गिटारच्या तारा होत्या. चेलोचं नाव दुकानदारानं दोनदा विचारून घेतलं. परत येताना मी पदरानं तोंड पुसत होते.

मुंजाभाऊंनी आरशातून पाहिलं. “ताई, तुमी घाम पुसायलाव का रडायलाव?”

“दोन्ही.”

“ती तार, मेंढराच्या आतड्याचीच म्हनला न्हवं?”

“हो.”

“मंग रडता कशाला? तात पायजे म्हना की तसं! झरीत पिंजारी हाय माझ्या वळखीचा.”

झरी

ताईंना आणि चेलोला घेऊन आम्ही निघालो. झरी जिंतूरच्याच वाटेवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उपटून रचलेल्या, मधे कुठेतरी करडईचा काटेरी पिवळा तुकडा. डोंगर नाही, झाड नाही, नजर जाते ती जातेच. समुद्राची सवय असलेल्या मला ते बघून बरं वाटलं. पाण्याऐवजी मातीचा समुद्र.

हाशमचाचांचं दुकान रस्त्यालगत. पुढे कापूस पिंजायचं विजेचं यंत्र, मागे दोन खोल्या आणि अंगण. भिंतीवर खुंटीला एक मोठी पिंजण टांगलेली. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य. त्याला आतड्याची दोरी ताणलेली असते, ती तात. ठोकळ्यानं ती तात छेडायची, की तिच्या थरथरण्यानं कापूस फुलून वर उडतो. ह्या पिंजणीला तात नव्हती. नुसतं लाकूड टांगलेलं.

चाचा सत्तरीचे असतील. भुवया पांढऱ्या आहेत की त्यांच्यावर कापूस बसलाय ते ओळखू येईना.

“काय मुंजा, कुनाचं लगीन काढलं? गादी का रजई?”

“गादी न्हाई चाचा. तात पायजे.”

“तात?” चाचांनी यंत्र बंद केलं. “आता तात कोन मागतंय रे? ह्या बाई पिंजारी हायत का?”

तेवढ्यात ताईंनी गाडीतून चेलो बाहेर काढला. चाचा उठून उभेच राहिले.

“या अल्ला! एवढं थोरलं! ह्येच्यानं काय पिंजता तुमी?”

“हवा पिंजते, चाचा,” ताई म्हणाल्या.

“मंग हलकी होती का?”

“कधी कधी.”

चाचा हसले. मग त्यांनी माझ्या हातातली तडकलेली तार घेतली, नाकाला लावली, दोन बोटांत चोळली. “उपाशी मेली ही. कोनी मारली?”

मी तांदळाचं सांगितलं. खोटं बोलायची ताकदच नव्हती. चाचा आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“तांदळात! बाई, तुमच्या गावाकडं भात लय झाला म्हनून आतड्यालाबी चारायलाव व्हय? आगं बेटा, तात म्हंजी जनावराचा जीव. तिला तेल पाजायचं असतंय. कोरडी ठिवली की संपली.”

ते आत गेले. कापसाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक गाठोडं काढलं. करडईच्या तेलात भिजवलेलं फडकं, त्यात मधाच्या रंगाची तात, गुंडाळी करून ठेवलेली. यंत्र आल्यावर पिंजण थांबली, तात वळणारं आता जवळपास कुणी उरलं नाही. पिंजणीवरून उतरवून जपलेली ही त्यांची शेवटची बारीक तात.

मुंजाभाऊ अभिमानानं म्हणाले, “ह्यांच्या बापाला आतडी आमच्या आज्यानं दिलेली. आमची मेंढरं व्हती तवा दोनशे. ह्या तातीत आमच्या मेंढराचाबी हिस्सा हाय बरं का ताई!”

“हिस्सा मागायला आला ह्यो,” चाचा म्हणाले. “बस गप.”

ताईंनी तात बोटांत फिरवून पाहिली. जाडी जवळपास तीच. थोडी राठ, पण चालेल. चाचांनी विळीवर बरोबर मधे कापली. एक अर्धी ताईंच्या हातात दिली, दुसरी पुन्हा फडक्यात गुंडाळली.

“ही माझ्या पिंजनीला. मरायच्या आदी एकडाव चढवीन म्हनतो.”

ताईंनी पर्स उघडली तसे चाचा रागावले. “ठिवा ती. मला फकस्त ऐकायचंय. चाळीस वरीस ही तात कापसासंगं बोलली. आता तुमच्या ह्येच्यासंगं काय बोलती ते आदीपासून शेवटापस्तोर ऐकू द्या. बस.”

ताईंच्या आधी मीच बोलले. “ऐकवते, चाचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझा शब्द.”

शब्द माझा होता. हे विसरू नका.

ताई तात चढवत होत्या तोवर चाचींनी आम्हाला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिच्यात खळगा करून त्यात करडईचं कच्चं तेल, वर लसणीचा ठेचा. अंबाडीची आंबट चव जिभेला लागली आणि मला आमच्या सोलकढीची आठवण झाली. ठेच्यानं मात्र कानातून धूर निघाला. मी भात शोधते आहे हे चाचींच्या लक्षात आलं.

“भात न्हाई गं माय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या डब्यातला घे की. भाजलेलाच हाय म्हनं.”

सगळे हसले. सकाळपासून पहिल्यांदा मीही हसले.

झरी ते चारठाणा

नव्यानं चढवलेली तात एकदम ताणता येत नाही. एकदम सुरात चढवली तर तुटते, म्हणून थोडी ताणायची, थांबायचं, पुन्हा ताणायची. झरीत ताईंनी ती बोटानं छेडली तर नुसता ‘ठप्’ आवाज आला.

“अजून झोपलीया,” चाचा म्हणाले. “वाटंनं उठवू. मी येतो संगं.”

मागच्या सीटवर मधे चेलो, एका बाजूला चाचा, दुसऱ्या बाजूला मी. ताई पुढे. बोरीला गाडी थांबली, चाचांनी तळहाताला तेल लावून तात वरपासून खालपर्यंत चोळली, ताईंनी खुंटी पिळली. जिंतूरला पुन्हा तेच. रसवंतीवाला हातातला ग्लास तसाच धरून बघत राहिला. जिंतूरच्या पुढे उघडे बोडके डोंगर सुरू झाले. तिथे एका लिंबाखाली तिसऱ्यांदा थांबलो. ह्या वेळी ताईंनी छेडली आणि गाडीत एक खोल, रुंद सूर पसरला. मुंजाभाऊंनी स्टिअरिंगवरचे हात काढले.

चाचांनी चेलोच्या लाकडावर कान टेकवला. “उठली,” ते हळूच म्हणाले.

चारठाणा

चारठाण्यात शिरताना जुनी देवळं दिसतात. दगडात इतकं कोरीव काम, आणि शेजारीच कडब्याच्या गंजी, बांधलेल्या शेळ्या. आमच्याकडे अशी देवळं असती तर कुंपण घालून तिकीट लावलं असतं. इथे खांबाला टेकून म्हातारी माणसं विड्या ओढत होती. मला ते आवडलं.

माळावर शामियाना. पुढे दोन रांगा सोफ्यांच्या, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. फाटकावर प्रकाशराव. ताई आधीच आत गेल्या होत्या. माझ्याबरोबर चाचा, लुंगी नेसलेले, डोक्यावर टोपी, सदऱ्याला कापूस चिकटलेला.

“हे कोण?”

“वाद्याबरोबर आहेत,” मी म्हटलं.

“वाद्याबरोबर तुम्ही आहात ना? पास आहे ह्यांच्याकडे?”

मी विनवण्या केल्या. तारेचं सगळं सांगायला गेले, पण त्यांचं लक्ष रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांकडे. शेवटी म्हणाले, “मागे बसवा, कडेला. आणि आवाज नकोय.”

मी चाचांना शेवटच्या रांगेत बसवलं, नियम समजावून सांगितला. मुख्य रचना चार भागांची आहे, शेवट होईपर्यंत टाळी नाही, वाहवा नाही, काही नाही.

“म्हंजी आवडलं तरी गप ऱ्हायचं?”

“हो.”

“आन् न्हाई आवडलं तर?”

“तरी गप.”

“मंग वाजिवणाऱ्याला कळायचं कसं?”

मी त्यांच्या खांद्यावरचा कापूस झटकला आणि रंगमंचाकडे गेले.

‘पाच म्हणजे पाच’ म्हणणाऱ्यांनी साडेपाचला सुरुवात केली, कारण सोफे रिकामे होते. दोन छोट्या रचना झाल्या. मग मुख्य रचना. तिचा पहिला भाग ऐन रंगात असताना मोठे पाहुणे आले. प्रकाशरावांनी हात वर करून वाजवणाऱ्यांना थांबवलं! चौघंही गज हवेत धरून बसली आणि हार, शाल, नारळ, फोटो, पुन्हा फोटो असं सगळं यथासांग झालं. मग हातानंच खूण, हं, चालू द्या. नळ बंद करून पुन्हा सोडावा तशी.

पहिला भाग संपला तेव्हा मागच्या खुर्च्यांवरच्या माणसांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. शेतातून, दुकानांतून उठून आलेली माणसं. त्यांना आवडलं होतं. प्रकाशरावांनी लगेच माइक घेतला. “कृपया! मधे टाळ्या वाजवू नयेत. हे भजन नाही. थोडा दर्जा राखू या.”

सगळे शाळेत छडी खाल्ल्यासारखे गप्प झाले. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात पदराखाली लपवले. दुसऱ्या भागात सोफ्यावर एक फोन वाजला, पाहुण्यांनी तो घेतला आणि “हां, कार्यक्रमात आहे, बोला बोला” म्हणून चांगली दोन मिनिटं बोलले. त्यांना कुणी दर्जा शिकवला नाही.

मी रंगमंचाच्या बाजूला तेलानं ओलं केलेलं फडकं घेऊन उभी होते, तात बघत. तिथून शेवटची रांग मला दिसत होती.

मग तिसरा भाग. तो सगळा चेलोचा आहे, बाकी तिघे नुसता श्वास घेतल्यासारखे मागे. ताईंनी त्या तारेवर गज ठेवला. मी हा भाग शंभरदा ऐकला असेन, पण त्या दिवशी तो वेगळाच निघाला. जरा खरखरीत, उबदार. पुष्कळ दिवसांनी बोलायला लागलेल्या माणसाचा घसा असतो तसा. सूर चढत गेला, वरच्या टोकाला जाऊन थांबला, आणि खाली उतरायच्या आधी त्या क्षणभराच्या शांततेत मागून आवाज आला.

“वाह! जियो!”

कुठल्याही गाण्याच्या बैठकीत तिथे हीच दाद आली असती आणि गाणाऱ्यानं मान लववून ती घेतली असती. ताईंचा चेहरा उजळलेला मी पाहिला. पण प्रकाशरावांनी बोट केलं आणि बिल्ला लावलेले दोघे कार्यकर्ते चाचांच्या खुर्चीपाशी गेले. एकानं त्यांच्या दंडाला धरलं. दुसऱ्यानं माझ्याकडे पाहून हातानंच विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का?

आणि मी खाली फडक्याकडे पाहिलं.

हो म्हटलं नाही. सकाळपासून एक चूक झालेली, दुसरी झाली तर परत कोण आणील मला बरोबर, एवढंच डोक्यात होतं. प्रकाशरावांवर मी रागावले आहे, आयुष्यभर रागावेन, पण ह्या रागातला एक वाटा माझा मलाच आहे.

चाचा स्वतःच उठले. शेजारची माणसं नंतर म्हणाली, की ते एवढंच बोलले, “जातो बाबा, जातो. तिला वाजू द्या.” मांडवाच्या तोंडाशी वळून त्यांनी हात जोडले. प्रकाशरावांना नाही, चेलोला.

बाहेर कर्णे लावले नव्हते, म्हणजे चाचांना पुढचं काही ऐकू येणार नव्हतं. दर्जा जातो म्हणे.

शेवटी आभार झाले. नावं, नावं, नावं. ताई वाट बघत होत्या की माइक मिळेल आणि चाचांना वर बोलावू. पण प्रकाशरावांनी माइक सोडलाच नाही, आभारांना जोडूनच राष्ट्रगीत सुरू केलं. त्याच्यानंतर कोण बोलणार?

खाली उतरताच ताईंनी विचारलं, “चाचा कुठे आहेत?” मी सांगितलं. माझ्या फडक्यासकट सगळं सांगितलं. ताई मला काही बोलल्या नाहीत, तडक प्रकाशरावांकडे गेल्या.

“ज्यांना तुम्ही बाहेर काढलंत ना, त्यांच्या तातीवर वाजवलं मी आज.”

“तात म्हणजे?”

“मेंढीच्या आतड्याची तार.”

प्रकाशराव दचकले. “आतड्याची? अहो, हे आधी सांगायला हवं होतं. शेजारी देवळं आहेत.”

“देवळात मृदंग वाजतो ना? त्याला काय पुठ्ठा लावतात?” ताई म्हणाल्या.

ते ओशाळं हसले, म्हणाले, “तसं नाही हो, लोक काय म्हणतील,” आणि पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला निघून गेले. लोक! ज्या लोकांना काही कळत नाही असं सकाळी सांगत होते, तेच लोक!

मी धावत बाहेर गेले. मुंजाभाऊंची गाडी नव्हती. ते चाचांना घरी सोडायला गेले होते.

जिंतूर

आमचा मुक्काम जिंतूरला होता आणि सकाळी सेलूहून रेल्वे. म्हणजे झरीची वाट पुन्हा लागणार नव्हती. मी ताईंना म्हटलं, उलटं जाऊन येऊ. पण तिकिटं काढलेली, बाकी तिघांचे दुसऱ्या दिवशी क्लास. ताई म्हणाल्या, “घाईनं जाऊन माफी मागणं हा आणखी एक अपमान होईल. नीट जाऊ.”

सकाळी मुंजाभाऊ आले. त्यांच्या हातात तेलकट फडक्याचं गाठोडं होतं. बघताक्षणी ओळखलं. दुसरी अर्धी तात.

“ही तर त्यांच्या पिंजणीची,” मी म्हटलं.

“म्या बी तेच म्हनलो. तर म्हनले, दे तिला. पयली तुटली तर बाई पुन्ना रडत बसंल. आन् म्हनले, तांदळात ठिवू नको म्हनावं.”

“रागावलेत का हो?”

मुंजाभाऊंनी मान हलवली. “रागावले न्हाईत. बोरीच्या अलीकडं एवढंच बोलले, मुंजा, ती बोलायली व्हती आन् मधीच उठावं लागलं रे. तिचं काय म्हननं व्हतं ते अर्धंच कळलं.”

मी ते गाठोडं छातीशी धरून सेलूपर्यंत आले.

आता ती तात पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात आहे, फळीवर, कापसात. दर रविवारी तिला करडईचं तेल पाजते. ताईंनी एकदा मागितली, मी दिली नाही. त्यांना कारण सांगावं लागलं नाही.

चाचा, दिवाळीनंतर कापूस घरात येतो तेव्हा मी येते. ताईंना आणते, चेलो आणते, गाडी नाही मिळाली तर एसटीत चेलोचं वेगळं तिकीट काढून आणते. ही तात मी तुमच्या हातात देईन, तुमच्या पिंजणीवर तुम्हीच चढवा. मग तुमच्या अंगणात तिसरा भाग पहिल्या सुरापासून होईल आणि तुमचं मन भरेपर्यंत होईल. तुम्हाला वाटेल तिथे वाटेल तितक्या मोठ्यानं वाह म्हणा. आणि तेव्हा कुणी माझ्याकडे बघून विचारलंच, की हे म्हातारे तुमच्याबरोबर आहेत का, तर खाली न बघता सांगेन: मी ह्यांच्याबरोबर आहे.